रोडावलेला गुलाब पुन्हा भरावर आणताना

गुलाब रोडावला की आपल्याकडे पहिली धाव खताकडे. घरची ऊस-द्राक्षाची शेती असेल तर विचारूच नका. गोठ्याच्या कोपऱ्यात १८:४६ चं, म्हणजे डीएपी खताचं, अर्धं पोतं पडलेलंच असतं, त्यातली मूठभर बुंध्यात पडते आणि वर बादलीभर पाणी. चार दिवसांत पानांच्या कडा करपतात, पंधरवड्यात झाड जातं. आजारी झाडाची पांढरी मुळी आधीच कुजून थोडकी उरलेली असते. तिच्याभोवती खताचे क्षार वाढले की तिला पाणी ओढता येत नाही, उलट तिच्यातलंच पाणी मातीकडे जायला लागतं. ओल्या मातीत उभं राहून झाड तहानेनं मरतं.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी माती आणि मूळ, मग वाळकं लाकूड, मग कीड-रोग. खताची पाळी सगळ्यात शेवटी, नवी फूट तीन बोटं लांब झाल्यावर.

झाड जिवंत आहे का, आणि कोणतं जिवंत आहे

शेंड्याकडून सुरुवात करा. नखानं किंवा ब्लेडच्या टोकानं साल अगदी हलकी खरवडा. खाली हिरवं ओलसर दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर गेली. चार-चार बोटं खाली येत हीच तपासणी करत बुंध्यापर्यंत या. वरचं सगळं वाळलेलं आणि बुंध्याचे चार बोटं हिरवे असं झाड बऱ्याचदा वाचवता येतं. पण ते हिरवं कुठे आहे, हे नीट बघायला हवं.

नर्सरीतला कलमी गुलाब म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, भरलेला चांगल्या जातीचा डोळा (कोंब फुटतो ती गाठ). बुंध्याजवळ जाड गाठ किंवा वळण दिसतं, तो कलमाचा जोड. जोडाच्या वर हिरवं असेल तर तुमचा गुलाब शिल्लक आहे. जोड काळा पडून फक्त खालून फूट येत असेल तर ती खुंटाची, म्हणजे रानटी. ती दिसते मात्र फार छान: लांब, सरळ, चपळ. बरेच जण ‘झाड फुटलं’ म्हणून खूश होतात आणि वर्षभर पाणी घालतात. खुंटाच्या पानाला बहुधा सात पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) असतात, कलमीला बहुधा पाच, पण काही कलमी जातींनाही सात येतात. तेव्हा पानं मोजण्यापेक्षा फूट निघते कुठून ते माती उकरून बघा. जोडाखालून निघत असेल तर मुळापाशी पकडून खाली ओढून उपटा. जमिनीलगत कापलीत तर तिथले झोपलेले डोळे जागे होतात आणि एकीच्या जागी तीन येतात. गावठी गुलकंदाचा गुलाब फाट्यावरच, म्हणजे फांदीचा तुकडा रोवून, लावलेला असतो, त्याला जोड नसतो, म्हणून त्याची खालची फूट राखायचीच असते.

जोड बघताना आणखी एक गोष्ट बघा. डोळा भरताना गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी पुष्कळदा तशीच राहून जाते. बुंधा जाड होतो, पट्टी सैल होत नाही, ती सालीत रुतत जाते आणि वरच्या भागाचं अन्न-पाणी तिथेच आवळलं जातं. दोन वर्षांचं झाड कारण नसताना खुजं राहिलं, जोडाच्या वर फुगीर आणि खाली बारीक दिसलं, तर माती दोन बोटं बाजूला करून पट्टी शोधा. जोडाच्या पाठीमागून ब्लेडनं उभी चीर द्या आणि सोलून काढा. एवढ्यानं महिन्याभरात फरक पडलेली झाडं असतात.

माती काय म्हणते

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या वरच्या भागात तांबडी, जांभ्याची, आम्लधर्मी माती आहे. पाणी थांबत नाही, पण पावसात अन्नद्रव्यं धुऊन जातात. कृष्णाकाठाला, कराडपासून वाळवा, पलूस, मिरजपर्यंत, खोल काळी माती. तिच्यात पाणी तुंबतं, आणि पाण्याचा अतिवापर झालेल्या पट्ट्यात ती चोपण-खारवट (सोडियम आणि क्षार साचून पाणी न जिरणारी) झालेली आहे. माण, खटाव, आटपाडी, जतकडे मुरमाड, उथळ जमीन, चुनखडीचा अंश आणि बोअरचं जड पाणी. गुलाबाला ६ ते ७ सामू (पीएच) मानवतो. काळ्या चुनखडीच्या मातीत तो ८ च्या आसपास असतो, आणि घरच्या बागेतले निम्मे आजार तिथूनच सुरू होतात.

दोन चाचण्या घरीच करा. पहिली निचऱ्याची. झाडापासून हातभर अंतरावर एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्यानं भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा आणि आत फूटपट्टी उभी धरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर त्या जागी गुलाबाची मुळं पावसाळ्यात कुजणारच, वरून काहीही फवारा. दुसरी चुनखडीची. कोरड्या मातीचं ढेकूळ बशीत घेऊन त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते आणि बारीक बुडबुडे दिसतात. फेस जोरात आला तर चुना भरपूर आहे. अशा मातीत गंधक टाकून सामू उतरवण्याच्या नादाला लागू नका. चुना त्याला पुरून उरतो.

बाग मोठी असेल तर कृषी खात्याच्या जिल्हा माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. पाच-सहा जागी ‘व्ही’ आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करून बाजूची माती खरवडा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो न्या. नुकतं खत टाकलेल्या जागची किंवा झाडाच्या अगदी बुंध्यातली माती घेऊ नका. अहवालात सामूबरोबर क्षारता (ईसी, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) बघा. ती १ च्या आत असावी. चोपण असल्याचं अहवालात आलं तरच जिप्सम. नुसत्या चुनखडीच्या मातीला जिप्समचा उपयोग नाही, दुकानदार काहीही म्हणो.

तुंबलेल्या जागेतून उचलणं

काळ्या मातीत गुलाबाभोवती खोल आळं करायची सवय मुळातच चुकीची. ते आळं नसतं, हौद असतो. निचरा बरा असेल तर आळं उलटं करा: बुंध्याला मातीची भर द्या आणि पाण्यासाठी गोल चर बुंध्यापासून वीतभर लांब काढा. निचरा वाईट असेल तर झाड उचलून गादीवाफ्यावर घ्यावं लागतं. हे काम ऑक्टोबर ते जानेवारीत करा. जूनमध्ये झड लागल्यावर ढगाळ दिवस साधला तरी चालतं. एप्रिल-मे मध्ये अजिबात नको. तेव्हा फक्त सावली आणि वापशावर (माती ओलसर पण चिकट नसताना) पाणी.

एका झाडाला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट उंच वाफा पुरतो. विटांची कड लावली की माती सरकत नाही. त्यात साधारण आठ घमेली मिश्रण बसतं: चार घमेली पोयट्याची किंवा तांबडी माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं जाडी वाळू, एक घमेलं भाताचं तूस आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. खालची काळी माती कुदळीनं फूटभर सैल करा. त्या काळ्या मातीतच चार पाट्या वाळू मिसळून भागेल असं वाटतं, पण तसं होत नाही. चिकणमातीत थोडी वाळू गेली की वाळल्यावर तिची वीट होते.

शेणखताबद्दल सावध राहा. ऊसपट्ट्यात अर्धकच्च्या शेणखतातून हुमणी घरच्या बागेत येते. खत पसरून चाळा. इंग्रजी ‘सी’ सारख्या वळलेल्या, पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर ते खत गुलाबाला नको. हुमणी लागलेलं झाड भर पाण्यात कोमेजतं आणि धरून हलवलं तर सैल लागतं, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये असं दिसलं तर वीतभर उकरून अळ्या वेचा. मेटारायझियम बुरशीची भुकटी शेणखतात मिसळून जून-जुलैच्या ओल्या मातीत द्यावी. कोरड्या मातीत ती बुरशी काम करत नाही. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. ते फांद्या हलवून पाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले तर पुढचं निम्मं काम वाचतं.

उचलण्याच्या आदल्या दिवशी झाडाला पाणी द्या आणि सगळ्या फांद्यांचा एक तृतीयांश भाग छाटा. बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोल खणत जा आणि खालून टिकाव घालून गड्ड्यासह उचला. बादलीत बुडवून माती सुटू द्या, चोळू नका. आता मुळं बघा. निरोगी मूळ पिवळट-पांढरं, टणक असतं, वाकवलं तर लवचिक लागतं. कुजलेलं मूळ काळपट असतं. बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखी तार उरते, तिला नाल्यासारखा वास येतो. असं प्रत्येक मूळ पांढरा भाग लागेपर्यंत कापा. बारीक मुळ्यांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. निंबोळी पेंडीचं प्रमाण ३०० ग्रॅम करा आणि वाफ्याच्या कडेनं झेंडू लावा. बुंध्यावर किंवा जाड मुळावर कोबीसारखा खरखरीत गोळा असेल तर तो मुकुटगाठीचा जिवाणूजन्य रोग. त्याला औषध नाही. झाड जाळा, कात्री स्पिरिटनं पुसा आणि त्या जागी चार-पाच वर्षं गुलाब लावू नका.

उरलेली मुळं ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या द्रावणात, लिटरला १० ग्रॅम, अर्धा तास बुडवा. कार्बेन्डाझिम वापरायचं असेल तर लिटरला १ ग्रॅम आणि पंधरा मिनिटं पुरेत. दोन्ही एकत्र करू नका, रासायनिक बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं. लावताना वाफ्याच्या मधोमध मातीची छोटी टेकडी करून मुळं तिच्यावर छत्रीसारखी पसरा, जोड मातीच्या वर दोन बोटं राहील असं भरा, हातानं दाबा आणि पाच लिटर पाणी हळूहळू द्या. आठ-दहा दिवस दुपारची सावली करा. वर तीन बोटं उसाचं पाचट किंवा भुईमुगाची टरफलं पसरा, पण बुंध्यापासून वीतभर मोकळं ठेवा. पाचटाचा मुख्य फायदा उन्हाळ्यात कळतो: काळी माती भेगाळली की वरवरच्या तंतुमुळ्या तटातट तुटतात, आच्छादनाखाली ती भेगाळत नाही.

यानंतर पाणी घड्याळावर नको, वापशावर. बोट दोन पेरं मातीत घाला. मातीचा गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, त्या वेळी एका झाडाला आठ-दहा लिटर द्या. हिवाळ्यात हे पाच-सहा दिवसांनी येतं, एप्रिलमध्ये दोन दिवसांनी. रोज तांब्याभर पाणी घालण्यानं फक्त वरची माती ओली राहते आणि मूळ खाली जात नाही.

कुंडीतला गुलाब

नर्सरीच्या पिशवीतली झाडं बहुधा चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. तो गोळा वाळला की दगड होतो. तसाच कुंडीत ठेवला तर पाणी त्याच्या बाजूनं वाहून जातं, आत मुळं कोरडी आणि बाहेर माती ओली. अशा झाडाला कुंडीतून काढून गोळा अर्धा तास पाण्यात बुडवा, बाहेरची दोन सेंटिमीटर माती बोटांनी सैल करा आणि वरच्याच मिश्रणात लावा, फक्त वाळूच्या जागी थोडं कोकोपीट. कुंडी किमान १४ इंची हवी.

जुनी कुंडी असेल आणि कडेला पांढरा थर धरला असेल तर तो बोअरच्या पाण्याचा चुना आणि खताचे क्षार. कुंडीत मावतं त्याच्या तिप्पट पाणी थांबून थांबून ओतून खालून निघू द्या. पावसाचं पाणी यासाठी सर्वात चांगलं, पन्हाळीखाली पिंप ठेवायला काय हरकत आहे. कुंडीचं भोक गच्चीच्या फरशीला टेकून बंद होतं, म्हणून खाली तीन विटांचे तुकडे ठेवा. सांगलीच्या उन्हात गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारी हात लावू देत नाही. आतली मुळं शिजतात. मार्च ते मे ५० टक्क्यांची शेडनेट आणि कुंडीला ओलं गोणपाट एवढं पुरतं.

छाटणी

तासगाव-पलूसकडे द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरात होते, गुलाबाची मुख्य छाटणीही तेव्हाच. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, जखम लवकर भरते. निरोगी झाड गुडघ्याएवढं राखून छाटतात. आजारी झाडाला मात्र अशी कडक छाटणी देऊ नका. फांद्यांत साठवलेल्या अन्नावरच त्याची पुढची फूट येणार असते. पहिल्या खेपेला मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढा, बाकीच्या एक तृतीयांशाहून जास्त कमी करू नका.

शेंड्याकडून खाली काळी पडत येणारी फांदी म्हणजे शेंडेमर. ती कुठे कापायची ते फांदीच सांगते. काळं संपतं तिथे कापून पाहा. मधला गाभा तपकिरी किंवा करडा असेल तर रोग आणखी खाली आहे. अर्धा इंच खाली पुन्हा कापा. असं करत गाभा पांढराशुभ्र आणि कडेनं हिरवं वर्तुळ दिसलं की तिथून आणखी दोन इंच खाली, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप घ्या. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. डोळ्याच्या अगदी लगत कापलं तर डोळा वाळतो, इंचभर वर कापलं तर उरलेलं खुंटुक काळं पडतं आणि शेंडेमर तिथूनच पुन्हा सुरू होतो. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. कात्री बोथट असेल तर काप दाबला जातो, म्हणून आधी धार लावून घ्या.

कापाला त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा. द्राक्षबागायतदाराच्या घरी ती तयार मिळेल. नसेल तर घरी एवढीशी करता येते: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० मिलि पाण्यात रात्रभर विरघळवा, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोड्या पाण्यानं फोडून ५० मिलि करा, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काडीनं ढवळा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, लोखंड-पितळ नको. मग दाढीचं जुनं ब्लेड त्यात मिनिटभर बुडवून काढा. ब्लेडवर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, आणि तो साल जाळतो. चिमूट चिमूट चुना घालत ब्लेड स्वच्छ निघेपर्यंत तपासा. पेस्ट आकाशी निळी दिसली पाहिजे. ती त्याच दिवशी वापरा, उद्याला तिचा जोर राहत नाही. ब्रशनं कापावर आणि खाली इंचभर सालीवर लावा.

पानं वाचणं

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार असतील तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीतलं हे नेहमीचं चित्र: लोह मातीत असतं, पण मुळाला मिळत नाही. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, आधी विरघळवा आणि मग ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घाला. क्रम उलटा केला तर बोअरच्या पाण्यात हिराकस गढूळ तपकिरी होऊन वाया जातो. संध्याकाळी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा, असं तीन वेळा. भिंतीवर-फरशीवर डाग पडतात, आडोसा धरा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, पाण्यात टाकल्यावर ते गडद लाल होतं. स्वस्तातलं ईडीटीए लोह अशा सामूला टिकत नाही.

जुनी, खालची पानं सरसकट फिकट पिवळी झाली तर नत्र कमी किंवा पाणी तुंबलेलं. यातलं कोणतं, हे माती उकरून ठरवा. पानाकडे बघून ठरत नाही.

खालच्या पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके, भोवती पिवळं आणि मग पानगळ, हा काळ्या ठिपक्यांचा रोग. पान सात तास सलग ओलं राहिलं तर त्याचे बीजाणू रुजतात, त्यामुळे साताऱ्याकडच्या पावसाळ्यात तो चुकत नाही. पडलेली पानं रोज गोळा करून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. पाणी सकाळी आणि बुंध्यात, पानांवर नाही. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून हवा खेळती ठेवा. मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम आणि पुढच्या पाळीला कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतरानं, पानांच्या खालूनही. ठिपके पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, औषध फक्त नव्या पानांना वाचवतं.

भुरी नोव्हेंबर-फेब्रुवारीत येते. कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखा थर, पानं वळलेली, कळीची मान पांढरी. द्राक्षवाल्यांना ओळख सांगायला नकोच. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी. पारा ३५ च्या वर असेल किंवा गेल्या दोन-तीन आठवड्यांत निंबोळी तेल फवारलं असेल तर गंधक पानं जाळतं.

कळी उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा तपकिरी, तर फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर-काळे बारीक तुकडे चालायला लागले की खात्री. बिघडलेल्या कळ्या खुडून पिशवीत बंद करा, निळे चिकट सापळे लावा आणि निंबोळी तेल लिटरला ५ मिलि फवारा. तेलात आधी १ मिलि द्रवरूप साबण घोटून मग पाणी ओता, नाहीतर तेल तरंगतं. फारच जास्त असतील तर स्पिनोसॅड ४५ टक्के, लिटरला ०.३ मिलि, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर. उन्हाळ्यात पानं मातकट, मागे जाळी, तर लाल कोळी. सलग तीन दिवस पाइपच्या जोरदार फवाऱ्यानं पानांची पाठ धुवा. त्यावर सायपरमेथ्रिनसारखी औषधं मारू नका, कोळ्यांना खाणारे किडे त्यानं मरतात आणि कोळी दुप्पट होतात. जुन्या खोडावर पांढरट खवले दिसले तर जुन्या टूथब्रशनं साबणपाणी लावून घासून काढा, एवढं पुरतं.

आणि एक दुखणं या ऊसपट्ट्यातलंच. पानं अचानक अरुंद, फितीसारखी, शेंडे गुंडाळलेले, देठ वळलेले. कीड एकही नाही. लोक याला व्हायरस म्हणतात. बहुतेक वेळा शेजारच्या उसात मारलेल्या २,४-डी तणनाशकाचे तुषार वाऱ्यानं आलेले असतात, किंवा तणनाशकाचा पंप नुसता विसळून गुलाबावर वापरलेला असतो. लगेच कळलं तर पानं भरपूर पाण्यानं धुवा, वाकडी फूट छाटा आणि थांबा. पुढची एक-दोन फुटी वेडीवाकडी येऊन झाड सुधारतं. गुलाबासाठी हातपंप वेगळाच ठेवा.

फवारताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. पाकळ्या गुलकंदाला वापरणार असाल तर त्या झाडावर रासायनिक औषध नको.

आता खत

नवी फूट तीन बोटं लांब झाली, पानं तांबूस-चकचकीत दिसली की मुळं कामाला लागली असं समजा. ओल्या मातीवर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, झाडाला एक लिटर, पंधरा दिवसांनी एकदा. सहा आठवडे हे पुरे. त्यानंतर दोन किलो कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड, बुंध्यापासून वीतभर लांब, वरवर खुरपून.

हाडांचा चुरा आपल्याकडे फार चालतो, पण सामू ७ च्या वर गेला की त्यातला स्फुरद जवळजवळ विरघळतच नाही. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि कुत्री उकरतात ती वेगळीच. अंड्याची टरफलं आणि चुलीतली राख या मातीला नकोतच, चुना आधीच जास्त आहे. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत मात्र तीच राख उपयोगी पडते, वर्षातून दोन मुठी. चहाचा चोथा चालेल, पण दूध-साखर धुऊन वाळवलेला. नाहीतर मुंग्या येतात, आणि मुंग्यांमागे मावा.

पहिल्या फुटीवर कळ्या आल्या की हात आवरत नाही. तरी वाटाण्याएवढ्या असतानाच त्या खुडा, पानं एकही काढू नका. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेलं निरोगी झाड नोव्हेंबरअखेरीस फुलतं. आजारातून उठलेल्या झाडाची पहिली खेप अशी सोडली तर ते जानेवारीत फुलतं, आणि ते फूल जाड दांड्यावर येतं. तेही कापताना दांडा आखूड ठेवा: फुलाखालचं बाहेरच्या बाजूचं पहिलं पाच पर्णिकांचं पान बघा आणि त्याच्या पाव इंच वर कापा.